छोटू डावीकडे वळतो

बाईंनी टाळी वाजवली, गाणं सुरू झालं, तिघं उजवीकडे गेले आणि धाकटा डावीकडे. मध्ये राजपुत्राचं नाक आलं.

रक्त फार नव्हतं. पण राजपुत्राचं नाक म्हणजे कंपनीचं भांडवल, त्यामुळे तालमीच्या खोलीत धावपळ उडाली. कुणी बर्फ आणला, कुणी खुर्ची. मॅनेजर फोनवर बोलत बोलतच आत आला, त्याने नाक दोन्ही बाजूंनी पाहिलं, "चालेल" म्हणाला आणि बोलतच बाहेर गेला. धाकटा स्वतःचं कोपर धरून उभा राहिला. गाण्याचं धृपदही अजून यायचं होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो," वांड जमिनीवर फतकल मारून म्हणाला. "याने अंगणातली माणसंच वाकडी करायला घेतली."

राजपुत्र, वांड, कवी आणि छोटू ही बँडमधली नावं कंपनीने दिलेली होती, गळे आणि चेहरे बघून. राजपुत्राने मंद हसायचं, वांडाने खोड्या काढायच्या, कवीने मुलाखत चालू असताना खिडकीबाहेर बघायचं. कवीला कविता वाचली की झोप येत असे, पण नाव पडलं ते पडलं. छोटूने लाडात यायचं. शेवटच्या गाण्याला तो लॉलीपॉप तोंडात घालून येई आणि पुढच्या रांगेतल्या मुली रडायला लागत. हा छोटू म्हणजे धाकट्याचा सख्खा मोठा भाऊ. घरात दादा, बाहेर छोटू. सहा वर्षांत तो वीसचा सव्वीस झाला, पण लॉलीपॉप सुटला नाही.

आणि मग एक दिवस दादा बॅग घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. आईला त्याने सांगितलं, घसा बसलाय. मॅनेजरला सांगितलं, पाठ धरलीय. शेजारच्या काकूंना सांगितलं, सुट्टी आहे. घसा ठणठणीत होता. न्हाणीघरातून आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता. पाठीचं म्हणाल तर त्याने एकट्याने कपाट सरकवलं. बाकी काही केलं नाही. झोपला, खाल्लं आणि दाढी वाढवली. करारानुसार छोटूला दाढी वाढवायची परवानगी नव्हती, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे दाढीबद्दल कुणी ब्र काढला नाही.

धाकटा तेव्हा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होता. शहरातल्या नळांचे नमुने यायचे, त्यात क्लोरीन किती, गढूळपणा किती, हे तो बघायचा. काम त्याला आवडायचं. उत्तर एकच असायचं आणि दुसऱ्यांदा तपासलं तरी तेच यायचं. एके दिवशी तो कामावरून घरी आला तर सोफ्यावर मॅनेजर कॉफी पीत बसला होता.

"हा कोण?" मॅनेजरने विचारलं.

"माझा धाकटा," आई म्हणाली.

"गातो?"

"न्हाणीघरात."

"न्हाणीघरात सगळेच गातात. तसंही अवघड जागांना आधी रेकॉर्ड केलेलं गाणं मागून वाजतंच. बाळ, जरा उभा राहा. नाही, उभाच आहेस. मग जरा वळ."

धाकटा वळला. चेहरा दादाचाच, फक्त दाढी नव्हती. मॅनेजरने कॉफीचा कप खाली ठेवला.

दोन कार्यक्रम आधीच ठरलेले होते. मंचावर चौघं नसले तर ते रद्द होणार होते, आणि ते रद्द झाले की कंपनी गाशा गुंडाळणार, असं मॅनेजरचं म्हणणं. म्हणजे दादाला परत जायची इच्छा झालीच, तर जायला काही उरणार नाही.

"पण लोकांना कळेल की," आई म्हणाली.

"ताई, छोटू हे नाव कंपनीचं. आत कोण, हा तपशील."

"कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर हसायचं. छोटू हसतोच."

तेवढ्यात दादा आतल्या खोलीच्या दारात येऊन टेकला. दाढी खाजवत म्हणाला, "जाऊ दे त्याला. मी शिकवतो." तो जागा देत होता की फेकत होता, हे त्याच्या आवाजावरून कळलं नाही. धाकट्याने नंतर ते वाक्य मनात पुष्कळदा फिरवून पाहिलं. दर वेळी उत्तर वेगळं आलं.

सोफा भिंतीला लावला, जेवणाचं टेबल स्वयंपाकघरात ढकललं, आणि दादा शिकवायला समोर उभा राहिला. शिकवायचा मात्र झकास. "शास्त्रज्ञ, आकडे मोजू नकोस, ढोल ऐक," म्हणायचा. "खांदा आधी, पाय मागून. पाय आधी टाकलास तर पोस्टमन दिसतोस." एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस या तालमीत हसायला लागला. आई दाराआडून बघायची आणि काहीतरी घ्यायला आल्यासारखं करून परत जायची. धाकट्याने आपल्या सवयीप्रमाणे पडताळाही घेतला. फोनवर बँडचे जुने व्हिडिओ लावायचे, त्यांच्यासमोर नाचायचं आणि दादाने शिकवलेलं जुळतंय का ते पाहायचं. तंतोतंत जुळत होतं.

"कुणाकडून शिकलास?" आता तालमीच्या खोलीत बाई विचारत होत्या. नाच बसवणाऱ्या या बाई पहिल्या गाण्यापासून बँडबरोबर होत्या आणि चौघांनाही कान धरून हलवायचा त्यांना अधिकार होता.

"दादाकडून."

"तो कसा उभा होता? तुझ्याकडे तोंड करून की पाठ करून?"

"तोंड करून."

बाईंनी डोळे मिटले. "म्हणजे तो त्याच्या उजवीकडे गेला की तू तुझ्या डावीकडे."

"पण मी व्हिडिओवरूनही पडताळलं होतं."

"व्हिडिओतला माणूस तुझ्याकडे तोंड करून असतो की पाठ?"

धाकट्याला ही चूक ओळखीची होती. प्रयोगशाळेत नवीन मुलं अशीच चूक करत. एकाच बिघडलेल्या द्रावणाने दोन यंत्रं लावायची आणि दोन्हींचे आकडे जुळले म्हणून खूश व्हायचं. तो त्यांना हसला होता.

"दादाला हे माहीत नव्हतं?" त्याने विचारलं.

"सहा वर्षं या खोलीत नाचलाय. त्याला नाही तर कुणाला माहीत असणार?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ती भिंत म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरसा. "किंवा सहा वर्षं समोर आरसाच पाहिलाय. आपण ज्या बाजूला जातो त्याच बाजूला समोरचा जातो, याची सवय झाली असेल. तू तसा गेलास तेव्हा त्याला बरोबरच वाटलं असेल. मला नको विचारू बाबा. कार्यक्रम उद्या आहे."

"विसरून नव्याने शिकतो," धाकटा म्हणाला, आणि अर्धा दिवस त्याने तेच करून पाहिलं. डोक्याला ते लगेच समजलं. पायांना कोण सांगणार? ढोल वाजला की पाय डावीकडे. शेवटी बाईंनी हात टेकले. त्याला रांगेच्या टोकाला नेलं, म्हणजे उलटं गेलं तरी कुणावर आपटणार नाही, आणि मधल्या भागात राजपुत्राला त्याच्याकडे तोंड करून उभं केलं. "निदान मुद्दाम केल्यासारखं दिसेल," त्या म्हणाल्या.

ते इतकं मुद्दाम केल्यासारखं दिसलं की दुसऱ्या दिवशी लोक वेडे झाले. तिघं एका बाजूला वाहतायत आणि छोटू एकटाच उलट्या दिशेने, मग मध्येच राजपुत्र वळतो आणि दोघं आरशासमोर उभे असल्यासारखे हलतात. तेवढा तुकडा कुणीतरी फोनवर टिपला आणि तो घरोघरी पोचला. मग अर्थ लावणारे पुढे आले. एक म्हणे, छोटू बँड सोडणार आहे, त्याची ही खूण. दुसरी म्हणे, त्याचं राजपुत्राशी भांडण मिटलं. भांडण झालं होतं हेच बँडला पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या गटाचं म्हणणं, हा छोटूच नव्हे. त्यांना बाकीच्यांनी खुळ्यात काढलं.

"छान चाललंय," मॅनेजर म्हणाला. "कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. असंच राहू दे."

धाकट्याला मात्र स्वतःचाच थांग लागेना. मंचावर जायच्या आधी त्याने बाहेरचं दार कुठे आहे ते पाहून ठेवलं होतं, आणि उतरल्यावर पुन्हा वर जावंसं वाटत होतं. अंधारातून "छोटू, छोटू" असा ओरडा आला तेव्हा आधी त्याने मागे वळून पाहिलं, दादा आलाय की काय. मग लक्षात आलं की नाव दादाचं असलं तरी ओरडा डावीकडे वळणाऱ्यासाठी आहे. दादा आयुष्यात कधी डावीकडे वळला नव्हता. दुसऱ्या कार्यक्रमाला तर ते वळणाच्या आधीच ओरडले. प्रयोगशाळेत परत जाऊन नळाचं पाणी हलवायचं, या विचाराने त्याला प्रथमच कंटाळा आला. त्याला ती जागा हवी होती. दादाची जागा, दादा घरात बसलेला असताना. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, आणि स्वतःला सांगतानाही शब्द जरा फिरवून सांगितले.

मॅनेजरनेच सोपं करून टाकलं. "पुढचा सगळा दौरा तूच कर. सोमवारी तालमीला ये."

धाकटा घरी आला तर दार दादाने उघडलं. दाढी नव्हती. गालांचा रंग बाकी चेहऱ्याहून फिका, आणि तो एकदम पुन्हा छोटू दिसत होता.

"मॅनेजरचा फोन होता," दादा म्हणाला. "सोमवारी तालमीला बोलावलंय."

"मलाही."

"तुला कशाला?"

"दौऱ्यासाठी. तुला?"

"दौऱ्यासाठी."

दोघं दारातच उभे राहिले. आतून आई म्हणाली, "जे काय आहे ते दार लावून बोला."

धाकट्याने मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर शांत होता. दोघांनीही यावं, जो बसेल तो बसेल. घरातल्या घरात ठरवलंत तर फारच चांगलं, तो कशाला भावाभावांत पडू. जागा एकच आहे हे त्याने आठवणीने सांगितलं.

जेवणं झाल्यावर धाकटा भांडी पुसत होता आणि दादा धूत होता. आई मुद्दाम बाहेर बसली होती. टीव्हीचा आवाज तिने वाढवला की कमी केला, ते नीट कळत नव्हतं.

"एक विचारू?" धाकटा म्हणाला. "तू मला उलटं शिकवलंस."

"हं."

"माहीत होतं?"

दादाने एक ताटली बराच वेळ धुतली. "पहिल्या दिवशी नव्हतं. तू बरोबर दिसत होतास. आरशात दिसतो तसा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते सांगता येत नाही मला." ताटली त्याने धाकट्याच्या हातात दिली. "वाटलं, हा तिथे तोंडघशी पडला की ते मला बोलावतील. विनवण्या करत येतील. मग वाटलं, कशाला पडेल, शास्त्रज्ञ आहे, त्याचं तो शोधून काढेल. मग तू इतका छान नाचायला लागलास की मध्येच थांबवावंसं वाटेना. कुठलं कारण खरं ते तू तपासून सांग. तुमच्याकडे यंत्रं असतात ना."

"तुला परत जायचंय का?"

"तो तुकडा पाहिला आणि जावंसं वाटलं."

"त्यात मी आहे."

"माहितीये," दादा म्हणाला. "म्हणूनच कळत नाही मला, मला जायचंय की तुला तिथून काढायचंय. तुला?"

"मला पुसायला दुसरं फडकं हवंय. हे ओलं झालं."

दादा हसला आणि त्याने फडकं दिलं. धाकटा चिडलेला होता, पण नेमकं कशाबद्दल चिडायचं ते ठरत नव्हतं. चूक केल्याबद्दल, लपवल्याबद्दल, की कबूल केल्याबद्दल? दादा खोटं बोलला असता तर निदान चिडायला एक काहीतरी मिळालं असतं.

सोमवारी दोघं एकाच बसने गेले. तालमीच्या खोलीत वांडाने दोघांना आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं. एक मोडला तर दुसरा आहे." कवीने दादाला मिठी मारली आणि मग बरं दिसावं म्हणून धाकट्यालाही मारली. राजपुत्राने आपलं नाक जरा लांबच ठेवलं.

"आधी मोठा," बाई म्हणाल्या आणि टाळी वाजवली.

दादा नाचायला लागला आणि धाकट्याला पहिल्यांदाच समजलं की आपण काय करत होतो. आपण पावलं टाकत होतो. दादाच्या अंगातून गाणं जात होतं. खांदा, मग कंबर, मग पाय, सगळं जिथल्या तिथे. आणि मग मधला भाग आला, राजपुत्र सवयीने छोटूकडे वळला, आणि दादा, जो या गाण्यावर शेकडो वेळा उजवीकडे गेला होता तो उजवीकडेच गेला, आणि दोघं खांद्याला खांदा आपटून थांबले.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी दादा वळणापाशी आला आणि नुसता उभा राहिला, रस्ता ओलांडताना माणूस उभा राहतो तसा. गाणं त्याचं, पावलं त्याची, आणि चुकत तोच होता.

"जुनं बसवू या की परत," कवी म्हणाला.

"लोक हे बघायला येणारेत," दारातून मॅनेजर म्हणाला. "वळणारा छोटू. कोण का वळेना." घड्याळाकडे बघून तो बाईंना घेऊन बाहेर गेला. जाताना बाई धाकट्याला म्हणाल्या, "तुला येतं ना? दाखव त्याला. आल्यावर बघते."

 दादाने टॉवेलने मान पुसली. "दाखव, मास्तर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. सहा वर्षांत कुणाला काही विचारायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि ते त्याला नीट जमत नव्हतं.

धाकटा त्याच्यासमोर उभा राहिला. भावाला काही दाखवायचं तर माणूस समोरच उभा राहतो. कवीने गाणं लावलं. धाकटा डावीकडे गेला, समोर दादा सरकला, धाकट्याने हात उचलला, समोर हात उचलला गेला. इतकं सुरेख जुळत होतं की धाकट्याला बरं वाटलं. धृपद संपत आलं तेव्हा त्याला भिंतीतल्या आरशात दादाची पाठ दिसली. मग लक्षात आलं, ती दादाच्या स्वतःच्या उजवीकडे चालली होती. दादा आपलं जुनंच करत होता. असंच शिकला तर बाई आत येतील, टाळी वाजवतील आणि दादा चौथ्यांदा राजपुत्रावर आपटेल. मग जागा कुणाची, हे कुणाला सांगावं लागणार नाही.

धाकटा थांबला नाही.

का थांबलो नाही, हे तो नाचतानाच स्वतःला विचारत होता. मी मुद्दाम समोर उभा राहिलो का? नाही. मग आता कळल्यावर? गाणं चालू आहे. गाण्याच्या मध्ये थांबत नाहीत. हे कारण खरं की सोयीचं? समोर दादा घामाने भिजून, जीव ओतून, अगदी चुकीचं नाचत होता, आणि इतका छान नाचत होता की थांबवावंसं वाटेना. बाजूला वांड सगळं ओळखून बसला होता. पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

मग दादाचे डोळे धाकट्याच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. त्यालाही कळलं होतं. पाय चालूच होते. जवळजवळ एक कडवं दोघं तसेच नाचले, एकमेकांकडे बघत. दोघांच्याही चेहऱ्यावर काय होतं, ते विचारलं असतं तर कवीलाही सांगता आलं नसतं.

"मी सांगणार होतो," गाणं संपल्यावर धाकटा म्हणाला.

"कधी?"

"ते माहीत नाही."

"हं," दादा म्हणाला. "बघ आता. मला विचारत होतास."

धाकटा चालत त्याच्या बाजूला आला. दोघांची तोंडं आरशाकडे, खांदे लागतील इतके जवळ. "माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. "माझ्याबरोबर ये." पहिल्यांदा दादाने त्याच्या पायावर पाय दिला. दुसऱ्यांदा अर्धा वळला आणि परत फिरला. धाकट्याने त्याला खांद्याला धरून डावीकडे ओढलं, जरा जास्तच जोरात. बाई परत आल्या तेव्हा दादा वळत होता. त्यांनी चौघांना उभं केलं, टाळी वाजवली, आणि दादा राजपुत्रासमोर असा वळला की तो तुकडा फोनवर पाहिलेल्या कुणालाही वाटलं असतं, हाच तो.

दाराशी मॅनेजर "चालेल" म्हणाला. धाकट्याचा हात हातात घेऊन त्याने तो बराच वेळ हलवला, आणि काही लागलं तर सांग म्हणाला. पण काय लागेल ते दोघांनाही सुचलं नाही.

खालच्या रस्त्यावर दुकानं उघडी होती. बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका मुलीने धाकट्याकडे टक लावून पाहिलं, मैत्रिणीच्या कानाला लागली, मग दोघींनी मान हलवली आणि फोनमध्ये डोकं घातलं. होकाराची मान होती की नकाराची, ते इतक्या लांबून कळलं नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांना उद्या येतो असं कळवावं म्हणून त्याने फोन काढला, तर आईचाच आला.

"जेवायला कोण कोण आहे?" तिने विचारलं.

"मी."

"आणि तो?"

"तो तिथेच राहिला. उद्यापासून दौरा."

 मागे कुकरची शिट्टी झाली. "त्याला हवं होतं ना ते?"

"बहुतेक."

"आणि तुला?"

"मलाही."

"मग दिलंस की गेलं?"

बस आली, लोक चढले, आणि दार लागलं. धाकटा फोन कानाला लावून थांब्यावरच उभा होता.

"थांब," तो म्हणाला, "घरी येऊन सांगतो."

"ये," आई म्हणाली. "पण तोवर मी वाईट कुणाबद्दल वाटून घेऊ, तेवढं सांग."